नाटकाची पूर्वतपासणी आणि विचारस्वातंत्र्य

विचारस्वातंत्र्याची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. माणसाच्या मनात काय चालले आहे हे कोणत्याही सरकारला दिसत नाही. तेव्हा विचारावर बंदी घालणे मुळातच अशक्य आहे. बंदी घालता येते ती उच्चारावर, लेखनावर, प्रयोगावर. म्हणून सेन्सॉर कितीही कडक असला तरी विचारस्वातंत्र्य अबाधितच राहते, असा हा युक्तिवाद. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु विचार ही डब्यात झाकून ठेवण्याची वस्तू नव्हे. तो बोलून पाहावा लागतो, दुसऱ्याच्या कानावर घालावा लागतो, त्यावर आक्षेप यावे लागतात, तेव्हा कुठे तो आकार घेतो. वर्गात प्रश्न विचारायला उभे राहिल्यावर आपल्याला नेमके काय विचारायचे होते हे विचारता विचारताच उमगते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. उच्चाराची वाट अडविली की विचाराची वाढही खुंटते, हे त्याचे साधे कारण.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर चर्चिण्यापेक्षा एखादे ठोस उदाहरण घेऊन तपासावा, या हेतूने मी प्रस्तुत लेखात मराठी रंगभूमीचा विचार केला आहे. मराठी माणसाला आपल्या नाटकाचा अभिमान आहे. पण वृत्तपत्राला किंवा पुस्तकाला जी अट नाही ती अट याच नाटकाला आहे, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

शिक्षा आणि परवानगी

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समाजात बोलण्याला काही मर्यादा असाव्यात, हे बहुतेकांना मान्य असते. कोणाची खोटी बदनामी करू नये, दंगल पेटविण्यासाठी चिथावणी देऊ नये, याबद्दल वाद नाही. या मर्यादा पाळावयाच्या दोन रीती आहेत. एका रीतीत माणूस आपल्या जबाबदारीवर बोलतो आणि कायदा मोडला असेल तर त्याच्यावर उघड न्यायालयात खटला चालतो. दुसऱ्या रीतीत बोलण्यापूर्वीच त्याला आपले शब्द एखाद्या अधिकाऱ्यापुढे किंवा मंडळापुढे ठेवून परवानगी घ्यावी लागते. पहिल्या रीतीत गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. दुसरीत आपण निर्दोष आहोत हे लेखकानेच आधी पटवून द्यावयाचे असते. इंग्रज कवी मिल्टनने १६४४ साली ‘अॅरिओपॅजिटिका’ हा प्रबंध लिहिला तो या दुसऱ्या रीतीविरुद्धच. म्हणजे पुस्तक छापण्यापूर्वी परवाना घेण्याच्या सक्तीविरुद्ध.

पहिली रीत निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयात लेखक निर्दोष सुटला, उच्च न्यायालयात त्याला शिक्षा झाली आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. एका कथेपायी लेखकाची सात वर्षे गेली. तरीसुद्धा या खटल्यात एक गोष्ट होती. कथा वाचकांच्या हाती पडली होती, आरोप काय आहे ते सर्वांना ठाऊक होते आणि न्यायाधीशांना आपली कारणे लिहून द्यावी लागली. पूर्वतपासणीत यांपैकी एकही गोष्ट असेलच अशी खात्री नसते. जे वाक्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच नाही, ते काढणे योग्य होते की अयोग्य, हे प्रेक्षकाने ठरवावे तरी कसे?

परक्या सरकारचा वारसा

नाटकावर नजर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे कायद्याने रूढ झाली ती इंग्रजांच्या अमदानीत. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. कलकत्त्यातील एका वकिलाने त्यांना आपल्या घरच्या जनानखान्यात नेऊन त्यांचे स्वागत केले. या प्रसंगाची टर उडविणारे प्रहसन कलकत्त्याच्या रंगभूमीवर आले आणि सरकार खवळले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी फेब्रुवारी १८७६ मध्ये वटहुकूम काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नाट्यप्रयोग कायदा संमत झाला. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती निर्माण करणारे किंवा प्रेक्षकांची नीती बिघडविणारे नाटक बंद पाडण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळाला.

महाराष्ट्रात या कायद्याचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. कथा महाभारताच्या विराटपर्वातली. त्यात इंग्रजांचे नाव नाही की कर्झनचे नाही. पण प्रेक्षकांना कीचकाच्या ठिकाणी कर्झन दिसत होता, सैरंध्रीच्या ठिकाणी हिंदमाता, युधिष्ठिराच्या ठिकाणी मवाळ आणि भीमाच्या ठिकाणी जहाल. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, तोही ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला ते आले असताना. त्यानंतर लवकरच, जानेवारी १९१० मध्ये ‘कीचकवध’वर बंदी आली.

या प्रकरणावरून आपण सहसा एवढाच बोध घेतो की परके सरकार जुलमी होते आणि आमचा नाटककार चतुर होता. ते खरेच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. केसरीच्या कचेरीत बसून रोज राजकारणावर लिहिणाऱ्या खाडिलकरांना रंगभूमीवर तेच राजकारण पौराणिक वेषात उभे करावे लागले. नाटक उत्तम उतरले हे आपले भाग्य. परंतु ज्यांना असा वेष सापडला नाही, किंवा ज्यांचा विषय कोणत्याही पुराणकथेत बसण्यासारखा नव्हता, त्यांनी काय केले असेल? त्यांची नाटके बंदीच्या यादीत नाहीत, कारण ती लिहिलीच गेली नाहीत. इतिहासाला बंदी घातलेली पुस्तके मोजता येतात. न लिहिलेली पुस्तके मोजता येत नाहीत. सेन्सॉरचा खरा हिशेब म्हणूनच कधी पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर

संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्याच्या मर्यादाही सांगितल्या. संविधान अमलात आल्यानंतर चारच महिन्यांनी, २६ मे १९५० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एक ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाचा, तर दुसरा ‘ऑर्गनायझर’ या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांच्या साप्ताहिकाचा. पहिल्याला मद्रास राज्यात प्रवेशबंदी होती आणि दुसऱ्याला दिल्लीत मजकूर छापण्यापूर्वी दाखविण्याचा हुकूम होता. दोन्ही हुकूम न्यायालयाने रद्द केले. परस्परांचे तोंडही न पाहणाऱ्या दोन विचारांना एकाच दिवशी एकाच तत्त्वाचा आधार मिळावा, हे मला फार बोलके वाटते. स्वातंत्र्य एका बाजूचे कधीच नसते.

पुढल्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मर्यादांची यादी वाढली, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि शांततेच्या काळात वृत्तपत्राने आपला मजकूर आधी सरकारला दाखवावा, असे त्यानंतरही कोणी म्हटले नाही. १९७५ साली आणीबाणीत तशी सक्ती आली तेव्हा मिनू मसानी आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील नाकारलेल्या मजकुरासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

नाटकाचे तसे झाले नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ साली १८७६ चा कायदा घटनाबाह्य ठरविला. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेच्या लखनौ येथील प्रयोगावरून तो खटला उद्भवला होता. अखेरीस संसदेनेही हा जुना कायदा कालबाह्य कायद्यांबरोबर रद्द केला. पण महाराष्ट्रात नाटकाची तपासणी चालते ती त्या कायद्याखाली नव्हे, तर १९५१ च्या पोलीस कायद्याखाली केलेल्या नियमांनुसार. त्यासाठी राज्य सरकारचे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. नाटकाची संहिता मंडळाकडे पाठवावयाची, मंडळाने ती वाचून प्रमाणपत्र द्यावयाचे आणि मग प्रयोग करावयाचा, अशी ही रीत आहे. राज्य नाट्यस्पर्धेत भाग घेणाऱ्या हौशी संस्थांना हे प्रमाणपत्र चांगलेच परिचयाचे असते.

यातील विसंगती पाहा. एखादे नाटक पुस्तकरूपाने छापावयाचे असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. ते सीताबर्डीवरच्या दुकानात विकत घ्यावे, घरी चार मित्रांत मोठ्याने वाचावे, वर्गात शिकवावे, परीक्षेत त्यावर सोळा गुणांचा प्रश्न काढावा, सारे चालते. पण तीच वाक्ये तोंडाला रंग लावून, तिकीट घेतलेल्या प्रेक्षकांपुढे उच्चारावयाची म्हटली की ती आधी तपासली पाहिजेत! चित्रपटालाही पूर्वतपासणी आहे, आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. चित्रपट मनावर अधिक प्रभाव पाडतो, असे त्यामागचे एक कारण होते. नाटकाला हे कारण लावणारा नाटकाचा गौरवच करीत असतो, असे म्हणावे लागेल.

ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली त्यांनी मात्र ती केव्हाच सोडून दिली. इंग्लंडमध्ये १७३७ च्या कायद्याने लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे नाटकांची तपासणी आली. बर्नार्ड शॉचे ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ १८९३ साली लिहून झाले, पण तेथे त्याचा जाहीर प्रयोग व्हायला १९२५ साल उजाडले. १९६८ साली तेथील संसदेने नवा कायदा करून ही तपासणी संपविली. त्यानंतर इंग्लंडची नीती रसातळाला गेल्याचे ऐकिवात नाही.

तीन नाटकांची कहाणी

आपल्याकडे या पद्धतीने काय साधले, हे पाहण्यासाठी विजय तेंडुलकरांच्या तीन नाटकांकडे वळू.

‘गिधाडे’ हे नाटक श्रीराम लागू यांनी १९७० साली रंगभूमीवर आणले. त्यातील गर्भपाताच्या प्रसंगी लुगड्यावर दिसणाऱ्या लाल डागाला मंडळाने हरकत घेतली. मंडळींनी तो डाग निळा केला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगितले की हा डाग लाल आहे असे समजावे. ही हकिकत ऐकली की हसू येते, पण ती विचार करण्यासारखी आहे. डागाचा रंग बदलून कोणाची नीती वाचली? उलट जो डाग काही क्षण दिसून गेला असता, त्याच्याकडे प्रत्येक प्रेक्षक टक लावून बघू लागला. शब्द किंवा रंग काढून टाकता येतो. त्याचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात असतो, तेथे मंडळाची कात्री पोहोचत नाही.

‘सखाराम बाइंडर’ १९७२ सालचे. टाकून दिलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, आणि आपण ढोंग करीत नाही याची घमेंड मिरविणारा सखाराम निळू फुले यांनी उभा केला. चंपेची भूमिका लालन सारंग यांची होती. मोजके प्रयोग झाल्यावर नाटकाची परवानगी गेली. निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, अशोक देसाई यांनी त्यांची बाजू मांडली आणि निकाल सारंगांसारखा लागला. सारंगांनी ही सारी हकिकत ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आपल्या ग्रंथालयात ते असेल तर प्रत्येकाने वाचावे. मात्र निकालाने प्रश्न मिटला नाही; न्यायालयात जिंकलेल्या नाटकाला नाट्यगृहाबाहेरच्या विरोधाला तोंड द्यावे लागले.

तिसरे ‘घाशीराम कोतवाल’. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते सादर केले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन होते. नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली अशी ओरड झाली आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबविले. तरुण मंडळी संस्थेतून बाहेर पडली, त्यांनी थिएटर अॅकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले. पुढे ते परदेशांतही गाजले. येथे थांबविणारे सरकार नव्हते, न्यायालय नव्हते, मंडळही नव्हते. ज्या घरात नाटक जन्माला आले त्याच घराने त्याला दार दाखविले.

या तीन प्रकरणांत सेन्सॉरची तीन रूपे दिसतात. पहिल्यात मंडळाची कात्री, दुसऱ्यात रद्द झालेली परवानगी, तिसऱ्यात आपल्याच माणसांचे भय. माझ्या मते तिसरे रूप सर्वांत प्रभावी आहे, कारण त्याविरुद्ध कोठे अपील करता येत नाही.

विदर्भाकडे पाहताना

तेंडुलकरांचा विषय निघाला की मुंबई-पुण्याचीच चर्चा होते. पण आपल्या नागपूरचे महेश एलकुंचवार यांनाही या तपासणीची झळ लागली आहे. भावाबहिणीच्या निषिद्ध संबंधावरचे त्यांचे ‘वासनाकांड’ हे नाटक सत्तरीच्या दशकात अमोल पालेकरांनी करावयास घेतले तेव्हा ते अडविले गेले आणि पालेकरांना त्यासाठी लढावे लागले. याच पालेकरांनी २०१६ साली संहितेच्या पूर्वतपासणीलाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. म्हणजे एका कलावंताच्या तारुण्यातला प्रश्न त्याच्या सत्तरीतही तसाच उभा होता.

दुसरी गोष्ट लोककलांची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, धानाची कापणी उरकते आणि रात्र रात्र नाटके रंगतात. दंडार होते, खडी गंमत होते. खडी गंमतीतला शाहीर ढोलकी-तुणतुण्याच्या साथीवर समोरचे गाव पाहून बोलतो. सरपंच पुढे बसला असेल तर सरपंचावर, सावकार असेल तर सावकारावर. त्याची संहिता कागदावर नसते, ती त्या रात्रीच जन्मते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी जे हशे घेतले, त्यांपैकी किती लिहिलेले होते आणि किती त्या क्षणी सुचलेले होते? मुंबईसाठी १९६० साली केलेल्या नियमांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जे लिहिलेलेच नाही ते आधी तपासावयाचे कसे? हा नियम काटेकोर पाळला तर शाहिराला ठरलेले तेवढेच बोलावे लागेल आणि त्याची कला संपेल. न पाळला तर तो मोडण्याकडे डोळेझाक होत राहील आणि ज्या दिवशी एखादा सरपंच रागावेल त्या दिवशी नियम अचानक आठवेल. झोपलेला कायदा निरुपद्रवी असतो, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

काही आक्षेप

पूर्वतपासणीच्या बाजूने जे सांगितले जाते तेही प्रामाणिकपणे तपासले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की मंडळावर सरकारी कारकून नसतात; नाट्यक्षेत्रातील जाणकार असतात, ते समंजसपणे वाचतात आणि फार थोड्या नाटकांना अडवितात. हे मान्य केले तरी मूळ प्रश्न राहतोच. समंजस माणसाकडून परवानगी घेणे ही परवानगीच असते. शिवाय आजचे मंडळ समंजस आहे म्हणून उद्याचेही तसेच असेल, याची हमी कोण देणार? फार थोडी नाटके अडतात हा तर मला दुधारी पुरावा वाटतो. कदाचित अडण्याजोगी नाटके मंडळापर्यंत येतच नसतील.

दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. याला उत्तर देणे सोपे नाही, कारण दुखावलेली भावना पुष्कळदा खरी असते. परंतु येथे आपण स्वतःला एक कसोटी लावावी. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या प्रदीप दळवी यांच्या नाटकाचे प्रयोग १९९८ साली थांबविण्यात आले आणि २००१ साली उच्च न्यायालयाने ती बंदी उठविली. गांधीजींच्या मारेकऱ्याला रंगभूमीवरून बोलू द्यावे हे मला स्वतःला रुचत नाही. सेवाग्राम आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे जाऊन आलेल्या कोणालाही ते रुचू नये. पण ‘सखाराम’ला स्वातंत्र्य आणि ‘नथुराम’ला बंदी, असे मी म्हणू लागलो, तर मी स्वातंत्र्याची बाजू घेत नाही, फक्त माझ्या आवडीची बाजू घेतो. त्या नाटकाला उत्तर द्यावयाचे ते दुसऱ्या नाटकाने, लेखाने, इतिहासाच्या पुराव्याने. ते उत्तर देण्याची सवय लागावी म्हणून तरी ते नाटक ऐकून घेतले पाहिजे.

तिसरा आक्षेप शांतता व सुव्यवस्थेचा. प्रयोगावरून गडबड होईल, म्हणून आधीच थांबवा. १९८९ साली एका तामिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला स्पष्ट उत्तर दिले आहे. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे सरकारने अभिव्यक्ती दडपू नये. तिचे रक्षण करणे हेच सरकारचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. धमकी देणाऱ्याला आवरण्याऐवजी बोलणाऱ्याला गप्प केले, तर पुढच्या वेळी धमक्या वाढतात, हे कळायला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

कऱ्हाड आणि यवतमाळ

हा तिसरा आक्षेप किती दूरवर पोहोचतो हे पाहण्यासाठी नाट्यगृह सोडून क्षणभर साहित्य संमेलनाच्या मंडपात जाऊ. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. आणीबाणी लागू होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, हजारो माणसे तुरुंगात होती. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रीय मंत्री. त्याच व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आणीबाणीला निर्भयपणे विरोध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. पण भाषण झाले.

जानेवारी २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळला बाण्णवावे संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. आणीबाणीलाही विरोध केलेल्या या लेखिका. त्या इंग्रजीत लिहितात यावरून विरोध सुरू झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. या वेळी आणीबाणी नव्हती, कोणाचा हुकूम नव्हता, मंडळाची कात्री नव्हती. केवळ धास्ती पुरली. महामंडळाचे अध्यक्ष, नागपूरचे श्रीपाद भालचंद्र जोशी, यांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली आणि संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी झाल्या प्रकाराबद्दल व्यासपीठावरूनच नापसंती व्यक्त केली. सहगल यांचे न झालेले भाषण तर झालेल्या भाषणांपेक्षा अधिक वाचले गेले. यवतमाळात ज्यांनी विरोध केला त्यांना निदान एवढे कळले असेल की अडविलेला शब्द दुसऱ्या वाटेने येतो. पण प्रत्येक अडविलेल्या लेखकाच्या मागे एवढी मोठी सभा उभी राहत नाही. तालुक्याच्या गावी एखाद्या नवख्या कवीचे नाव कार्यक्रमपत्रिकेतून गळते, तेव्हा त्याची बातमीही होत नाही.

कऱ्हाडला सत्ता मोठी होती आणि माणूस भ्याला नाही. यवतमाळला सत्तेला काही करावेच लागले नाही. कायद्यातील पूर्वतपासणी उद्या रद्द झाली, तरी ती आपल्या स्वभावात उतरली असेल तर फारसा फरक पडणार नाही, हे मला या तुलनेतून दिसते.

आपल्या रंगमंचाचे काय?

हे सारे आपल्यापासून दूर आहे असे कोणी म्हणू नये. गेल्या वर्षी आमच्या मित्रमंडळीत एका एकांकिकेचे वाचन झाले. लेखक आमच्यातलाच. पहिल्या वाचनात खलपात्र होते एका शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. दुसऱ्या वाचनाला आलो तो त्याचा किराणा दुकानदार झालेला! कोणी बदल सुचविला होता का, असे विचारता लेखक म्हणाला, “कोणी कशाला सुचवायला पाहिजे? आपल्यालाच समजून घ्यावं लागते न बे.” एकांकिका पुढे व्यवस्थित झाली, टाळ्याही पडल्या. पण देणगीच्या प्रश्नावर अध्यक्षाच्या तोंडी जी दोन वाक्ये होती, ती दुकानदाराच्या तोंडी शोभेनात म्हणून गेली. ती त्या एकांकिकेतील सर्वांत चांगली वाक्ये होती. हा लेखक भित्रा नाही. तो आपल्या सर्वांसारखाच व्यवहारी आहे, आणि तेच मला चिंतेचे वाटते.

म्हणून लेख संपविताना महाविद्यालयापुरत्या तीन सूचना कराव्याशा वाटतात. स्नेहसंमेलनासाठी निवडलेल्या संहितेबद्दल कोणाला आक्षेप असेल तर तो लेखी यावा, त्याची कारणे दिलेली असावीत आणि लेखकाला त्याचे उत्तर देण्याची संधी मिळावी. ‘वरून सांगितले’ या तीन अक्षरी-चार अक्षरी कारणावर एकही वाक्य गळू नये. दुसरे, ज्या नाटकांवर बंदी आली किंवा वाद झाला त्यांपैकी एकाचे दरवर्षी जाहीर वाचन व्हावे आणि त्यावर बाजूने व विरुद्ध बोलण्यासाठी वादसभा घ्यावी. विरुद्ध बोलणाऱ्यालाही तितकीच शांतता मिळावी. तिसरे, आपल्या प्राध्यापकांना नम्र विनंती अशी की आमच्या लेखनातील व्याकरणाच्या चुकांवर तांबडी रेघ अवश्य मारावी. न पटलेल्या मतावर मात्र रेघ न मारता समासात आपला प्रतिवाद लिहावा. तो वाचून आम्ही कदाचित मत बदलू, कदाचित बदलणार नाही. पण ते मत आमचे स्वतःचे असेल, आणि का आहे ते आम्हांला सांगता येईल.

मोठ्या मंडळांचे आणि कायद्यांचे काय व्हावयाचे ते न्यायालये आणि विधिमंडळे ठरवितील. आपला रंगमंच मात्र आपल्या हाती आहे. यंदाच्या एकांकिकेत किराणा दुकानदाराला पुन्हा संस्थेचा अध्यक्ष करावे, असा आग्रह मी लेखकमित्राकडे धरला आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. वाचकांनीही त्याला थोडा धीर द्यावा.